धागा: मॉरिस नाच आणि पाणपक्षी – इंग्लंडात एकाच दिवशी दोन्ही टिपायचे तर

मिडलंड्सकर

इंग्लंडात राहणाऱ्या किंवा तिकडे फिरायला जाणाऱ्या कॅमेरावाल्यांसाठी हा धागा. पारंपरिक नाचांची गावे आणि पक्ष्यांची पाणथळे तिथे एकमेकांना इतकी लागून आहेत की पहाटे पक्षी आणि दिवसा नाच असा बेत सहज जमतो. फोटो बिघडतात ते बहुतेक वेळा पक्ष्यांसाठी लावलेली सेटिंग नाचाच्या वेळी तशीच राहिल्यामुळे. म्हणून दोन्ही विषय एकत्रच घेऊ.

आधी नाच. मॉरिस हा एकच नाच नाही. कॉट्सवोल्ड पद्धतीत सहा जण तीन-तीनच्या दोन रांगांत उभे राहतात. पांढरे कपडे, नडगीला घुंगरांचे पट्टे, हातात रुमाल नाहीतर काठ्या. वेल्सच्या सीमेलगत हेरफर्डशर, श्रॉपशर, वुस्टरशरमध्ये बॉर्डर मॉरिस चालतो. त्यात चिंध्यांचे कोट आणि काठ्यांचा खणखणाट. लँकशर-चेशरकडे लाकडी तळाचे क्लॉग घालून मिरवणुकीचा नॉर्थ वेस्ट, पूर्वेला मॉली, यॉर्कशरमध्ये लांब तलवारींचा लाँगसोर्ड आणि ईशान्येच्या कोळसा खाणींच्या मुलखात रॅपर. कुठला प्रकार आहे हे आधी विचारून घ्या, कारण उभे राहायची जागा आणि शटर दोन्ही त्यावर ठरतात.

कॉट्सवोल्डची रचना एकदा कळली की निम्मे काम झाले. वाद्यवाले (मेलोडियन, फिडल, कधी कॉन्सर्टिना) चालीचा पहिला भाग एकदा वाजवून घेतात आणि नाचणारे जागीच उभे असतात. याला ‘वन्स टू युअरसेल्फ’ म्हणतात. एक्सपोजर तपासायचा वेळ तोच. मग ‘फूट अप’: सगळे वाद्यांकडे तोंड करून पावले टाकतात. त्यानंतर धृपदासारखा तोच भाग पुन्हा पुन्हा येतो आणि मध्ये जागा बदलणाऱ्या आकृत्या. चेहरे हवे असतील तर वाद्यवाल्यांच्या बाजूला, रांगांशी साधारण ४५ अंशांत उभे राहा. रांगेच्या अगदी समोर उभे राहिलात तर पहिला माणूस मागच्या दोघांना झाकतो. वाद्यवाल्यांच्या पुढ्यात मात्र उभे राहू नका. नाचणाऱ्यांचे डोळे आणि कान त्यांच्याकडेच असतात.

आता शटर. उडीच्या शिखरावर शरीर क्षणभर थांबल्यासारखे असते, तिथे १/५०० सेकंद पुरतो. रुमालाचे तसे नाही. हात वर पोचतो तेव्हा रुमालाचे टोक अजून मागून येत असते. हात खाली यायला लागतो त्या वेळी कापड पूर्ण ताणून उलगडते. म्हणजे उत्तम चौकट उडीच्या शिखराच्या किंचित नंतरची. शिखरावर एकच क्लिक केले तर रुमाल चुरगळलेल्या कागदासारखा दिसतो. सेकंदाला आठ-दहा चौकटींचा छोटा बर्स्ट घ्या, उडी सुरू होताच दाबा आणि पाय टेकेपर्यंत धरा.

पक्ष्यांबद्दल जाणकारांनी भर घालावी.

शेवगा

छान धागा. सुरुवातीलाच विचारते: काठ्यांच्या नाचालाही १/५०० चालेल का? आणि लेन्स एकच न्यायची तर कोणती?

मिडलंड्सकर

@शेवगा, काठ्यांना नाही चालणार. काठ्या आदळायच्या क्षणी टोकाचा वेग सगळ्यात जास्त असतो, तिथे १/१२५० तरी हवा. उन्हात १/२००० ठेवलात तर उडालेल्या लाकडाच्या कपच्याही टिपता येतात. ठोका तालावर ठरलेला असतो, दोन आवर्तने ऐका आणि ठोक्याच्या जरासे आधी बटण दाबा. आवाज ऐकून दाबलेत तर काठ्या सुटलेल्या दिसतील.

एकच लेन्स म्हटली तर २४-७० मिमी. गावातल्या पबसमोरच्या अंगणात मागे सरकायला जागा नसते. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणा, थोडा वर रोखा: पार्श्वभूमीतल्या मोटारी जातात, उडी उंच दिसते आणि घुंगरांचे पट्टे पुढे येतात. चामड्यावर ओळींनी शिवलेले छोटे पितळी घुंगरू आणि त्यांच्या कडेला रंगीत फिती असतात. पाय टेकल्यावर फिती वर उडतात, घुंगरू खालीच असतात. तो तपशील ७० मिमीवर, १/१००० ने स्वतंत्र टिपण्यासारखा आहे.

काठीवाल्यांपासून किमान दोन मीटर लांब राहा. काठ्या मोडतात आणि तुकडे प्रेक्षकांत येतात.

पाणकावळा

पक्ष्यांची बाजू मी मांडतो, आणि त्यासाठी स्टॅफर्डशरमधल्या ॲबट्स ब्रॉम्लीइतके चांगले उदाहरण नाही. तिथला शिंगांचा नाच ४ सप्टेंबरनंतरच्या पहिल्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी असतो. म्हणजे तारीख ६ ते १२ सप्टेंबरच्या दरम्यान पडते. सकाळी आठच्या सुमारास सेंट निकोलस चर्चमधून रेनडिअरच्या शिंगांच्या सहा जोड्या बाहेर काढतात. सगळ्यात हलकी सुमारे ७ किलोची, सगळ्यात जड ११ किलोच्या वर. शिंगे कार्बन-चाचणीत अकराव्या शतकाच्या आसपासची निघाली आहेत. सोबत विदूषक, काठीघोडा, धनुष्यवाला, बाईच्या वेशातला पुरुष म्हणजे मेड मॅरियन, आणि मेलोडियन व त्रिकोण वाजवणारे.

गावाला लागूनच ब्लिथफील्डचा जलाशय आहे आणि त्याच्या मधून बी५०१३ रस्ता जातो. उन्हाळ्याअखेर पाणी उतरले की काठाला चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि स्थलांतर करणारे ग्रीनशँक, डनलिन, रिंग्ड प्लोव्हर तिथे उतरतात. कधी ऑस्प्रेही. त्या दिवसांत सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो, म्हणजे शिंगे बाहेर पडेपर्यंत सुमारे दीड तास हाताशी. पूर्वेचा उजेड पाठीवर येईल अशी बाजू आदल्या दिवशी नकाशावर पाहून ठेवा. रस्त्यावर गाडी थांबवायची जागा मर्यादित आहे आणि जलाशयाच्या काठाला सगळीकडे जाता येत नाही. खुल्या पायवाटा सोडू नका.

चिखलातल्या पक्ष्यांसाठी ४०० मिमी किंवा जास्त, १/१२५० ते १/१६००, ॲपर्चर पूर्ण उघडे, आयएसओ आपोआप पण कमाल ६४०० ला बांधलेला. उडते पक्षी असतील तर १/२५००. चिखलावर वाकून, पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर लेन्स आणली की मागचे पाणी मऊ पडते. उभ्याने काढलेल्या फोटोत पक्षी चिखलात हरवतो.

रानवाट

@पाणकावळा, उत्तम माहिती. शिंगांच्या नाचाबद्दल थोडी भर.

तो नाच एकाच जागी उभे राहून टिपता येत नाही. मंडळी दिवसभर गाव आणि आजूबाजूच्या शेतवाड्यांमधून मैलोन् मैल फिरतात, दुपारी ब्लिथफील्ड हॉलच्या हिरवळीवर नाचतात आणि संध्याकाळी गावात परततात. नाचाची चाल अशी: एका रांगेने नागमोडी चालत गोल करायचा, मग दोन रांगा समोरासमोर येऊन पुढे सरकतात, शिंगे जवळजवळ भिडतात आणि पुन्हा मागे. पुढे-मागे होते तेव्हा कडेला, दोन रांगांच्या मधल्या रेषेवर असाल तर दोन्हीकडची शिंगे आकाशात एकमेकांत गुंतलेली मिळतात. तीन जोड्या पांढरट आणि तीन तपकिरी रंगवलेल्या आहेत. तपकिरी शिंगे झाडांच्या पार्श्वभूमीवर पार नाहीशी होतात, त्यामुळे मागे आकाश किंवा फिकट भिंत हवी.

गल्लीत मिरवणुकीच्या मागे धावू नका, पुढे जाऊन वळणावर थांबा. मागून फक्त पाठी आणि मोबाइल मिळतात. गर्दी नको असेल तर सकाळची पहिली फेरी आणि शेतवाड्यांवरचे थांबे उत्तम.

जवळच कॅनक चेसमध्ये फॅलो हरणे आहेत. सप्टेंबरच्या सुरुवातीला नरांच्या शिंगांवरची मखमल नुकतीच उतरलेली असते. माजावर येऊन झुंजतात ते ऑक्टोबरात. तेव्हा नर आणि माद्यांच्या मध्ये उभे राहणे धोक्याचे. लंडनच्या रिचमंड पार्कात ५० मीटर अंतर राखायचा नियम आहे. तो सगळीकडे पाळावा असा आहे.

कोकणकडा

माझा एक मुद्दा. काठीघोडा पाहिला की गोव्याच्या घोडेमोडणीची आठवण येते. तिथेही शिगम्यात कमरेला लाकडी घोडा बांधून नाचतात. दोन्हीकडे चूक एकच होते: फोकस घोड्याच्या तोंडावर बसतो आणि माणूस धूसर राहतो, कारण घोड्याचे तोंड कॅमेऱ्याला हात-दीड हात जवळ असते. एफ २.८ वर तेवढे अंतर पुरते बिघडवायला. एफ ५.६ ते ८ ठेवा आणि फोकस माणसाच्या डोळ्यावर बांधा.

लेझीम टिपणाऱ्यांना मॉरिस सोपा जाईल. सम कुठे आहे हे कानाने ओळखायचे, डोळ्याने नाही.

टिटवी

हिवाळ्याबद्दल कोणीच बोलले नाही, म्हणून लिहिते.

जानेवारीत केंब्रिजशरच्या व्हिटलसी गावात स्ट्रॉ बेअर असतो: पूर्ण अंगावर पेंढा बांधलेला माणूस, दोरीला धरून नेणारा त्याचा राखणदार, आणि मागे मॉली व इतर संघ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंद पडलेली ही प्रथा १९८० मध्ये पुन्हा सुरू झाली. वर्षाचे वेळापत्रक निघण्याआधी तपासा. या दिवसांत भर दुपारी बारालाही सूर्य क्षितिजापासून जेमतेम १६ अंशांवर असतो. उजेड दिवसभर तिरपा आणि सुंदर, पण अरुंद रस्त्यात घरांच्या सावल्या पूर्ण रस्ताभर पडतात. अर्धा चेहरा उन्हात, अर्धा सावलीत असे टाळायचे तर पूर्ण सावलीचा तुकडा निवडा आणि एक्सपोजर त्यावर बांधा. किंवा चौकात थांबा, तिथे ऊन आरपार येते. पेंढ्याच्या अस्वलाला सूर्य मागून हवा: कडेची प्रत्येक काडी उजळते. एक्सपोजरची भरपाई +०.७ द्या, नाहीतर मधला भाग काळा ढीग दिसतो.

गावाच्या उत्तरेलाच नीन वॉशेस ही पाणथळ कुरणे आहेत. एल्डरनेलच्या बाजूने दुपारनंतर शॉर्ट-इअर्ड घुबडे आणि क्रौंच दिसण्याची शक्यता असते. आणि तासाभराच्या आत वेल्नी, तिथे आइसलँडहून आलेले व्हूपर हंस. ते पहाटे शेतांकडे जातात आणि अंधार पडता पडता पाण्यावर परततात. सूर्यास्त सव्वाचारच्या आतबाहेर, म्हणून मिरवणूक अर्धवट सोडायची की हंस सोडायचे हे आधी ठरवा. दोन्ही ताणायला गेलात तर दोन्ही जातात. सोपा तोडगा: पहाटे हंस, साडेआठपर्यंत तिथून निघा, मग मिरवणूक.

हंस आणि पांढरा सदरा यांचे गणित एकच आहे. काळ्या पाण्यावर पांढरा हंस, गडद विटांच्या पबसमोर पांढऱ्या कपड्यातला नाच: दोन्हीत कॅमेऱ्याचे मीटर अंधाराला भुलून उजेड वाढवते आणि पांढऱ्यातले तपशील जळतात. –०.७ ते –१.३ द्या, रॉ मध्ये काढा, झेब्रा (जळणारा भाग दाखवणाऱ्या पडद्यावरच्या रेघा) सुरू ठेवा. पार्श्वभूमी धुक्याची किंवा ढगाळ आकाशाची झाली की उलट करायचे, +०.३ ते +१.

शेवगा

@टिटवीताई, हे फार उपयोगी. पण प्रत्येक वेळी +/– बदलत बसण्यापेक्षा काही स्थिर मार्ग?

टिटवी

@शेवगा, मॅन्युअल. नाच एका जागी, एका उजेडात असतो. पहिली चाल वाजत असताना सदऱ्यावर मीटर लावून पांढरा जळत नाही इथपर्यंत एक्सपोजर आणा आणि तसेच सोडा. पार्श्वभूमी कितीही बदलली तरी सदरा तसाच राहतो. ढग येत-जात असतील तर शटर आणि ॲपर्चर बांधा, आयएसओ आपोआप ठेवा.

पाणकावळा

आता धाग्याच्या मूळ मुद्द्यावर, सेटिंगच्या गोंधळावर. सगळ्यात जास्त नुकसान मूक शटर करते.

हाईडमध्ये (पक्षी पाहायच्या आडोशात) सगळे इलेक्ट्रॉनिक शटर लावतात, कारण आवाज नाही. तेच घेऊन नाचाला गेलात तर काठ्या धनुष्यासारख्या वाकलेल्या येतात. सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो, तेवढ्या वेळात काठी पुढे सरकते. घरात किंवा पबमध्ये त्यात आडव्या पट्ट्यांची भर पडते: विजेचे ५० हर्ट्झ, म्हणजे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. नाचाला मेकॅनिकल शटर घ्या. जलद वाचणारा स्टॅक्ड सेन्सर असेल तर काठ्या सरळ येतील, पण एलईडीखाली पट्ट्यांची तपासणी तरीही करा.

उपाय: डायलवर सेटिंग साठवायच्या सी१, सी२, सी३ या जागा वापरा. सी१ वर पक्षी (मूक शटर, १/१६००, सतत फोकस, पक्षी-ओळख), सी२ वर बाहेरचा नाच (मेकॅनिकल, १/१०००, एफ ४, चेहरा-ओळख), सी३ वर पबमधला नाच (मेकॅनिकल, अँटी-फ्लिकर सुरू). हाईडमधून बाहेर पडताना डायल फिरवायची सवय लावा. पक्षी-ओळख सुरू राहिली तर फोकस फडफडणाऱ्या रुमालामागे धावतो.

रानवाट

रॅपरबद्दल लिहायचे राहून गेले होते. पाच जण, प्रत्येकाच्या हातात लवचिक पोलादी पात्याचे एक टोक, दुसरे टोक शेजाऱ्याच्या हातात. दोन मुठींपैकी एक फिरती असते, त्यामुळे साखळी न तोडता वळता येते. सगळे खांद्याला खांदा लावून, कठीण तळाच्या बुटांनी ताल धरत, वेगाने. बहुतेक वेळा पबच्या आत, त्यामुळे ३५ मिमी एफ १.८, १/५००, आयएसओ ६४०० पासून पुढे. दिवे फारच लुकलुकत असतील तर १/१०० वर या, पात्यांना वाहू द्या आणि चेहरे स्थिर असलेली चौकट निवडा. पोलाद धूसर असलेले वाईट दिसत नाही, चेहरा धूसर असलेला दिसतो.

आकृतीच्या शेवटी पाचही तलवारी गुंफून पंचकोनी तारा होतो आणि एक जण तो उंच धरतो. तो क्षण सोडू नका: फोकस आधीच नाचणाऱ्याच्या डोक्यावरच्या उंचीवर बांधून ठेवा, कारण छतावरच्या दिव्याला फोकस पटकन चिकटतो.

थंडीतून पबच्या उबेत गेल्यावर लेन्सवर दव धरते. कॅमेरा बॅगेतच, चेन लावून, २०–३० मिनिटे ठेवा. पुसत बसल्याने काही होत नाही, ते पुन्हा धरते.

शेवगा

चेहरे रंगवलेल्या बॉर्डर संघांचे काय? डोळा-ओळख चालत नाही असे वाचले.

मिडलंड्सकर

@शेवगा, निळा, हिरवा, जांभळा रंग आणि वर पिसांची टोपी असते तेव्हा डोळा-ओळख अधूनमधून सुटते. मध्यम आकाराचा झोन लावा आणि विषय बदलण्याची संवेदनशीलता कमी करा, म्हणजे मध्येच काठी आडवी आली तरी फोकस उडत नाही. टोपीच्या सावलीत गडद रंग अगदी बुडतो, +०.७ लागतेच.

इथे एक गोष्ट माहीत असावी. पूर्वी बरेच बॉर्डर संघ चेहरा पूर्ण काळा करत. २०२० मध्ये मॉरिसच्या तिन्ही संघटनांनी मिळून ते बंद करायचे ठरवले आणि आज बहुतेकांनी इतर रंग घेतले आहेत. जुना फोटो कुठे लावायचा असेल तर वर्ष लिहाच. नाहीतर तो संघ आजही तसाच नाचतो असा समज होतो.

कोकणकडा

कायद्याचे कोणी सांगेल का? पक्ष्यांचा आणि माणसांचाही.

पाणकावळा

@कोकणकडा, माणसांचे सोपे: सार्वजनिक रस्त्यावर फोटो काढायला बंदी नाही. लहान मुलांचे जवळून काढायचे तर पालकांना विचारा. टोपी फिरते तेव्हा त्यात पैसे टाका, प्रवास आणि कपड्यांचा खर्च संघ त्यातून काढतात.

पक्ष्यांचे कडक आहे. १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड ॲक्टच्या पहिल्या परिशिष्टातल्या पक्ष्यांना घरट्यावर किंवा घरट्याजवळ त्रास देणे हा गुन्हा आहे. तिथे त्यांना त्रास होईल असा फोटो काढायचा तर नॅचरल इंग्लंड या सरकारी संस्थेचा परवाना लागतो. खंड्या, गव्हाणी घुबड, मार्श हॅरियर, बिटर्न, चफ (लाल चोचीचा कावळ्यासारखा पक्षी) हे सगळे त्यात येतात. चफ मुद्दाम लिहिला, कारण कॉर्नवॉलमध्ये हेल्स्टनचा फरी डान्स ८ मेला असतो (रविवार किंवा सोमवार आला तर आधीच्या शनिवारी) आणि तिथून लिझर्डचे कडे जवळ. नाहीसा झालेला चफ २००१ मध्ये तिथे परतला, आणि मे महिना म्हणजे नेमका पिलांचा. कड्याच्या वाटेवरून उडते चफ टिपा, घळीकडे झुकून घरटे शोधू नका. पक्षी एकाच जागी घिरट्या घालत ओरडत असेल तर तुम्ही फार जवळ आहात, मागे या.

हेल्स्टनला दुपारच्या नाचात पुरुष काळ्या कोटात आणि उंच टोपीत, बायका फिकट झग्यांत असतात. भर उन्हात काळे आणि पांढरे दोन्ही सांभाळायचे तर पांढऱ्यावर एक्सपोजर बांधा, काळ्यातले नंतर रॉ मधून वर काढता येते. जोड्या एका दारातून घरात शिरून दुसऱ्या दारातून बाहेर पडतात, तेव्हा बाहेर पडायचे दार गाठा.

टिटवी

शेवटची एक जोडी माझ्याकडून: १७ जानेवारी, सॉमरसेट. दुपारी हॅम वॉलच्या पाणथळीवर स्टार्लिंगचे थवे, रात्री कारहॅम्प्टनला सफरचंदाच्या बागेतला वसेल हा विधी. मधले अंतर गाडीने तासाभराचे.

थवे सूर्यास्ताच्या आधी अर्धा-पाऊण तास जमू लागतात. सोलापूर-उजनीकडे भोरड्यांचे थवे टिपणाऱ्यांना हे ओळखीचे. २४-७० न्या, लांब लेन्सने आकार कापला जातो. एकेक पक्षी सुटा हवा तर १/१०००, प्रवाह हवा तर तिपायीवर १/८. फोकस दूरच्या बोरूच्या रेषेवर घेऊन मॅन्युअल करा, थव्यावर तो भटकतो.

वसेलमध्ये झाडाच्या मुळाशी सायडर ओततात, फांद्यांत सायडरमध्ये बुडवलेला टोस्ट अडकवतात आणि बंदुकीचे बार काढतात. उजेड शेकोटीचा: एफ १.८, १/६०, आयएसओ ६४००, व्हाइट बॅलन्स हाताने ३२०० केल्व्हिनच्या आसपास. आपोआप ठेवलात तर कॅमेरा ज्वाळेचा तांबूसपणा धुऊन टाकतो. बंदुकीच्या बाराची ठिणगी हवी असेल तर १/८ वर जा, कॅमेरा तिपायीवर किंवा कुंपणाच्या खांबाला टेकवून. डोक्याला लावलेली एलईडी विजेरी बंद ठेवा, दुसऱ्यांचेही फोटो त्याने जातात.

शेवगा

वाचनखूण साठवली. ॲबट्स ब्रॉम्लीसाठी दोन बॉडी न्यायच्या की एक?

पाणकावळा

@शेवगा, जमत असेल तर दोन. एकीवर २४-७०, दुसरीवर १००-४००, म्हणजे रिमझिमीत लेन्स बदलावी लागत नाही. एकच असेल तर साडेसातला जलाशयावरून निघून, गाडीत बसून, काचा बंद करून लेन्स बदला, डायल सी२ वर आणा आणि मगच चर्चकडे चालू लागा. आणि दोन्ही बॉडींचे घड्याळ आदल्या रात्री जुळवा, नाहीतर दिवसअखेरीस फोटोंचा क्रम लागत नाही.